शर्तीची चौकट

आधी जिन्यातून खोकला वर आला, मग पोट आलं आणि त्यामागून मधवाले मामा आले. एका हातात माश्यांना धूर द्यायचं धुराडं, खांद्यावर सुंभाची दोरी. सूनबाईनं आधी दोरी पाहिली. नुसती मधमाश्यांची पेटी तपासायला आलेल्या माणसाला दोरी कशाला लागते?

"काय सूनबाई, लेकीचं पोट भरलं का?" मामा कठड्याला धरून दम खात म्हणाले. "भरलं असेल तर चल गच्चीवर. तुझ्या राणीसाहेब आहेत की गेल्या, एकदाचं बघून टाकू."

"आहेत," ती म्हणाली.

"बरं. आपण बघून ठरवू."

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. शहराबाहेरच्या फळबागांमध्ये त्यांच्या चाळीसेक मधपेट्या पसरलेल्या. मोसम बदलला की पेट्या टेम्पोत घालून फुलांच्या मागे हिंडायचे. हिची पेटी एकच, आणि तीही माहेरची. बाबा म्हातारपणी मुलाकडे पाचव्या मजल्यावर राहायला गेले, तेव्हा त्यांनी सगळ्या पेट्या वाटून टाकल्या आणि एक लेकीच्या लग्नाच्या सामानात चढवली. कपाट, गाद्या, शिलाईचं मशीन आणि सगळ्यात मागे, दाराला जाळी ठोकलेली, आतून गुणगुणणारी ती पेटी. टेम्पोवाला वाटभर रस्त्यापेक्षा मागेच जास्त बघत होता.

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पेटीला जागा मिळाली. सासूबाई तेव्हाही खूश नव्हत्या, पण नव्या सुनेला पहिल्याच दिवशी काय बोलायचं म्हणून गप्प बसल्या. मग ठमी झाली. ठमी रांगायला लागली. उंबरा दिसला की तो ओलांडायचाच, असा तिचा स्वभाव. सासूबाईंनी मग तोंड उघडलं.

"उन्हात पोरीला बसवायला घरात एवढी एकच जागा, आणि तिथे ह्या नांग्यांचा बाजार! एखादी डसली म्हणजे?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. हेच तर अवघड होतं. सासूबाई वाईट असत्या तर भांडून मोकळं होता आलं असतं. पण ठमीला रात्रभर मांडीवर घेऊन बसणारी, हिच्या ताटात स्वतःच्या ताटातलं वाढणारी बाई. तिच्या भीतीला काय उत्तर द्यायचं?

आणि अशातच राणी हरवली.

झालं होतं असं. ठमी दुपारची झोपली की तासभर हिचा. तेवढ्यात कपडे वाळत घालायचे, केस विंचरायचे, आणि उरलंच काही तर पेटी उघडायची. त्या दिवशी तिनं झाकण काढलं, धुराचे दोन झोत सोडले आणि मधली चौकट उचलली. चौकट म्हणजे लाकडाच्या पट्ट्यांत माश्यांनी बांधलेलं एक पोळं, पाटीएवढं. त्यावर राणी होती. लांबट, तांबूस, आपल्याच नादात चालणारी. चौकट टाकीला टेकवून ती दुसरी उचलायला वाकली आणि खालून ठमीनं असा टाहो फोडला, की हिला वाटलं पोर पलंगावरून पडली.

ती पळाली. पोर पडली नव्हती, नुसती जागी झाली होती आणि आई दिसत नाही म्हणून रागावली होती. पण रागावलेल्या ठमीला पाजावं लागे, मग ढेकर, मग लंगोट. ती परत वर आली तेव्हा ऊन टाकीवर सरकलं होतं. चौकटीवर माश्या होत्या, राणी नव्हती. पडली असेल, उडाली असेल, मुंग्यांनी नेली असेल. मधपेटी पाळणारं कुणीही सांगेल, की राणी असलेली चौकट बाहेर टेकवून कधी जायचं नसतं. तिलाही ते सातव्या वर्षापासून ठाऊक होतं.

माश्यांनी मात्र हातपाय गाळले नाहीत. त्यांनी उरलेल्या कोवळ्या अळ्यांतली एक निवडली, तिच्याभोवती राणीकोष बांधला. शेंगदाण्याच्या टरफलासारखा, खाली तोंड करून लोंबणारा. पुढच्या वेळी तिनं पाहिलं तर तो कोष टोकाशी गोल कापलेला होता, डब्याचं झाकण अर्धवट उघडं राहावं तसा. म्हणजे आतून कुणीतरी बाहेर पडलं होतं. नवी राणी जन्मली होती. ह्या एका गोल कापावर तिचा सगळा भरवसा.

ही सगळी हकिगत तिनं सासूबाईंना सांगितली होती. सासूबाईंनी ती भावाला सांगितली. आणि भाऊ दोरी घेऊन आला.

मामांनी जाळीची टोपी घातली, एकेक चौकट उन्हाकडे धरून पाहिली. ती शेजारी उभी होती. लग्नाआधीपासून ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, बाळंतपणामुळे सध्या घरी होती; बारीक बघायची तिला सवय होती. पांढऱ्या दोऱ्याचा एवढासा तुकडा खोलीच्या तळाशी उभा चिकटवावा, तसं माशीचं अंडं दिसतं. एकाही खोलीत तसा तुकडा नव्हता. अळी नव्हती. पिल्लांच्या खोल्या झाडून-पुसून रिकाम्या होत्या.

"ऐकू येतंय?" मामांनी कान पेटीशी नेला. "कण्हतायत. राणी असली की असा आवाज येत नाही."

"राणी आहे, अजून अंडी घालायला लागली नाही. कोवळी राणी बारीक असते, लपते, सापडत नाही. तुम्हीच सांगितलं होतंत मला."

"सांगितलं होतं. पण एवढे दिवस? अगं, ती नरांना भेटायला, वरात काढायला उडाली आणि वाटेत एखाद्या पाखरानं गिळली. संपला विषय." मामांनी टोपी काढून घाम पुसला. "ह्या नेतो मी. माझ्या एका पेटीवर वर्तमानपत्र पसरायचं, वरती ही ठेवायची. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो, भांडण होत नाही. सुखानं नांदतील. इथे ठेवल्यास तर महिन्याभरात एकेक करून मरतील."

"राणी आहे."

"बघ ताई, कशी अडून बसली!"

जिन्याच्या दारात सासूबाई ठमीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. ठमीच्या डोक्यावर त्यांनी स्वतःचा पदर टाकला होता, माशी येईल म्हणून. "गुंड्या, तू जास्त शिकवू नकोस. काय करायचं ते कर आणि खाली ये. चहा गार होतोय."

साठीचे मामा अजून ताईचे गुंड्याच होते.

"मला एक चौकट द्या," ती एकदम म्हणाली. "तुमच्या पेटीतली. अंडी असलेली."

मामा हसले. तिला काय हवंय ते त्यांना लगेच कळलं होतं. अनाथ पेटीत दुसऱ्या घरची अंडी ठेवली, की माश्या काय करतात त्यावरून सगळं उमगतं. घरात राणी असेल तर त्या अंड्यांना साधी कामकरी म्हणून वाढवतात. राणी नसेल तर वेड्यासारख्या राणीकोष बांधायला घेतात. माणसाला राणी सापडत नसली तरी माश्यांना ती आहे की नाही हे पक्कं माहीत असतं.

"देतो. उद्याच आणून देतो," मामा म्हणाले. "पण शर्त. कोष बांधले, तर पेटी माझी. रडारड नाही."

"आणि नाही बांधले तर पेटी इथेच. पुन्हा कुणी दोरी आणायची नाही."

"कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी मामा ओल्या फडक्यात गुंडाळलेली चौकट तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून घेऊन आले. स्कूटर त्या दिवशी त्यांनी इतकी हळू चालवली म्हणे, की सायकलवाले पुढे गेले. तिनं ती मधोमध बसवली, झाकण लावलं. मग सुरू झालं वाट बघणं.

नवऱ्याची छापखान्यातली पाळी सकाळची. दुपारी तो घरी आला की विचारायचा, "बघितलंस?"

"सारखं उघडायचं नसतं."

"मग तुला झोप कशी लागते?"

"तुझ्या लेकीपुढे झोपेचा प्रश्न येतोय कुठे?"

तो हसायचा. भला माणूस. कुणाशीच त्याचं भांडण नव्हतं, आणि हाच त्याचा दोष होता. आईपुढे आईचा, बायकोपुढे बायकोचा, मामा आले की मामांचा. छापखान्यात शाई ज्या रंगाची घालाल तसा कागद निघतो, तसं.

ठरलेल्या दिवशी, ठमी झोपल्यावर, तिनं झाकण काढलं. मामांची चौकट ओळखू यायची, तिच्या वरच्या पट्टीला निळा ठिपका होता. माश्या तिच्यावर दाट बसल्या होत्या. तिनं हलकेच फुंकर घातली. माश्या बाजूला झाल्या.

पोळ्याच्या खालच्या कडेला एक वाटी. तिच्या शेजारी आणखी एक. मागच्या बाजूला तिसरी. नवंकोरं पिवळं मेण, तोंड खाली. पहिल्या वाटीत तिनं डोकावून पाहिलं. सायीसारख्या पांढऱ्या खाऊत एक इवलीशी अळी तरंगत होती, अंगाची कोयरी करून.

कोष बांधले होते. राणी नव्हती. पहिल्या दिवसापासून मामा बरोबर होते आणि ती चुकली होती.

रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. त्या वाट्यांभोवती माश्यांची जी धांदल चालली होती, तीच ती बघत राहिली. एक डोकं आत घालून खाऊ ठेवतेय, ती निघाली की दुसरी हजर. कण्हणं थांबलं होतं. महिन्याभराच्या सुतकातून उठून घराला काम लागलं होतं.

तिनं चौकट परत बसवली. झाकण ठेवलं. मग पेटीचं दार, खाली जी लांबट फट असते ती, लाकडाच्या तुकड्यानं लहान केलं. दुबळ्या पेटीचा मध लुटायला परक्या माश्या येतात. दार जितकं लहान, तितका पहारा सोपा.

मामा संध्याकाळी आले. पेटी हलवायची तर संध्याकाळीच, बाहेर गेलेल्या सगळ्या परतल्यावर. ह्यावेळी दोरीबरोबर जाळीचा तुकडाही होता, दारात ठोकायला.

नवऱ्यानं तिला स्वयंपाकघरात गाठलं. "सांग नाही बांधले म्हणून," तो कुजबुजला. "मामांचे गुडघे आज दुखतायत, ते वर चढून बघायचे नाहीत. ते विश्वास ठेवतील."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच एक बाजू घेतली होती आणि तीही खोटेपणाची. तिला त्याची माया आली. "नको," ती म्हणाली, आणि बाहेर गेली.

"बांधले का?" मामांनी विचारलं.

"बांधले. तीन."

"म्हणजे राणी नव्हती."

"नव्हती. तुम्ही बरोबर होतात. मी चुकले."

मामांचा चेहरा मऊ झाला. "असू दे गं. होतं असं. चल, वाट दाखव."

"पण पेटी मी देणार नाही."

ठमीसुद्धा तोंडातला चमचा चावायची थांबली.

"शर्त लागली होती, सूनबाई."

"लागली होती. मी हरले. आणि आता मोडतेय. लबाड म्हणा, शब्दाची कच्ची म्हणा. चारचौघांत सांगा, मी नाही म्हणणार नाही. पण पेटी हलणार नाही."

"अगं, माणसाच्या शब्दाला काही किंमत?"

"मामा, शब्द दिला तेव्हा वाटलं होतं, राणी नसेल तर आत काही उरलंच नसेल. आता आत तीन पाळणे टांगलेत. ते मोडायचे आणि ह्यांना तुमच्या पेटीवर कागद अंथरून नोकरीला पाठवायचं? माझ्याच्यानं नाही होणार."

"आणि त्या पाळण्यातली राणीही पाखरानं खाल्ली तर? गेल्या खेपेसारखी?"

"तर तुमच्या दारात येईन, आणखी एक चौकट मागायला."

"मी नाही दिली तर?"

"दुसऱ्याच्या दारात जाईन. मधपेट्या काय तुम्ही एकटेच पाळता?"

मामांचे कान लाल झाले. नवरा मध्ये पडला, त्याला तोडगा सुचला होता. "मामा, असं करा ना, कोष पिकेपर्यंत राहू द्या. तसेही आत्ता हलवले तर हिसक्यानं बिघडतील. राणी बाहेर आली की मग न्या."

"ते चालेल," मामा म्हणाले. "मी काय कसाई आहे का?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. सोपी वाट होती. मान हलवली असती तर सगळे चहाला बसले असते.

"नाही," ती म्हणाली. "आज नाही आणि कोष पिकल्यावरही नाही."

"तुझं झालंय काय, सांगू?" मामांचा आवाज चढला. "एक हात पाळण्याला आणि एक हात पेटीत. दोन्ही जमत नसतं. म्हणून तर चौकट उन्हात टाकून पळालीस!"

"पळाले!" तिचाही आवाज चढला. "लेक रडली, मी पळाले. उद्या रडली तर उद्याही पळेन. त्यात राणी गेली तर दुसरी करू, माश्या करतायत तसं. पण चूक झाली की बाईच्या हातातली वस्तू काढून घ्यायची, ही कुठली रीत? पोर झाल्यापासून जो येतो तो काहीतरी सोडायलाच सांगतो. दुकान सोड. झोप सोड. आता पेटी सोड. एवढं एक मी सोडणार नाही. तुमच्या हातून कधी काही गेलं नाही का?"

मामा काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. इतका वेळ त्या ठमीच्या तोंडातली लाळ पुसत होत्या.

"गेलं की. आठ पेट्या गेल्या होत्या."

"ताई, ते आत्ता कशाला..."

"टेम्पोतून उतरवल्यान आणि हा बसला जेवायला. दारातल्या जाळ्या काढायच्याच विसरला. दुपारच्या उन्हात. आईनं झाकण उघडलं तर मेण वितळून तळाला आणि माश्यांचा चिखल. तीन दिवस जेवला नाही गाढव." सासूबाईंनी ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पण आईनं काही तुझ्या उरलेल्या पेट्या उचलून मामाकडे पाठवल्या नव्हत्या, गुंड्या."

मामांनी हातातला जाळीचा तुकडा खिशात कोंबला.

तिनं आशेनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी लगेच बोट उगारलं.

"तू हुरळू नकोस. मी तुझ्या बाजूनं बोलत नाहीये. शब्द देऊन मोडलास ते मला मुळीच आवडलेलं नाही. आणि त्या माश्या मला आजही नको आहेत, उद्याही नको आहेत. पण ह्या घरात कुणाची पेटी राहायची, ते आम्ही दोघी भांडून ठरवू. तू मध्ये कोण रे दोरी घेऊन येणारा?"

"तूच बोलावलंस ना मला!"

"बोलावलं होतं. आता चहा पी आणि जा."

मामांनी चहा घेतला नाही. दोरी खांद्यावर टाकून जिन्याच्या चार पायऱ्या उतरले, मग थांबले. पाठमोरेच म्हणाले, "दार लहान केलंस का?"

"केलं."

"साखरेचं पाणी दिवसा देऊ नकोस. लुटारू येतात."

"संध्याकाळीच देते."

"हं." खोकला खाली खाली गेला.

पुढचे दिवस गोड नव्हते. सासूबाई दोन दिवस तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. नातेवाइकांत बोभाटा झाला, एका चुलतसासूनं तर फोनवर, "शर्त लावणारी सून का?" असंच विचारलं. ती "हो, तीच" म्हणाली. सासूबाईंशी भांडण मात्र ठरल्याप्रमाणे झालं, कधी भांडी घासताना, कधी ठमीला न्हाऊ घालताना. निकाल असा लागला, की नवऱ्यानं गच्चीच्या मधोमध कमरेइतकी जाळी ठोकायची. अलीकडची उन्हाची बाजू ठमीची, पलीकडची माश्यांची. जाळी वाकडी लागली म्हणून दोघींनी मिळून त्याला बोल लावले. त्यावर तिघंही जरा हसले.

पेटीत माश्या घटत होत्या, ते दिसत होतं. म्हाताऱ्या मरत होत्या आणि मामांच्या चौकटीतून निघालेल्या मूठभर कामकरी तेवढ्या नव्या. एक दुपार अशी आली, की दारात माश्यांचा गलका उठला आणि त्यातून एक लांब माशी भिरभिरत वर गेली. वर घार नव्हती, पण तारेवर दोन पाखरं बसली होती. तिनं वाळत घातलेला टॉवेल ओढला आणि तो फिरवत, "हुर्र! हुर्र!" करत गच्चीभर धावली. समोरच्या इमारतीतला शिंपी काम टाकून खिडकीत आला. ठमीला हा खेळ फारच आवडला.

ती राणी परत आलेली तिला दिसली नाही. टॉवेल फिरवताना कसं दिसणार?

मग पुन्हा थांबणं. मग एका सकाळी, सासूबाईंनी ठमीला जाळीअलीकडे चटईवर बसवलेलं असताना, तिनं झाकण काढलं. निळ्या ठिपक्याच्या शेजारची चौकट उन्हाकडे तिरकी धरली. खोलीच्या तळाशी पांढरा तुकडा. शेजारच्या खोलीत एक. त्याच्या शेजारी एक. प्रत्येक खोलीत एकच, नीट उभा.

तिनं कुणाला फोन केला नाही. पण ही बातमी सासूबाईंच्या पोटात टिकली तर ना. रविवारी आधी खोकला आला, मग पोट आलं. ह्यावेळी दोरी नव्हती.

"घालतेय म्हणे अंडी," मामा गच्चीकडे बघत म्हणाले. "सगळ्या खोल्यांत एकेकच ना? का दोन-दोन, तीन-तीन? राणी नसली तर कामकरीसुद्धा घालतात, आणि त्यातून नुसते बिनकामाचे नर निघतात. नीट बघायला हवं."

"या ना. बघा."

मामांनी झाकण काढलं, बाही सावरली आणि मधल्या चौकटीला हात घातला.

"मामा, हात मागे," ती म्हणाली. "कुठली बघायची ते सांगा. उचलणार मी."

मामांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग जाळीपलीकडे बसलेल्या बहिणीकडे. बहीण ठमीला टोपडं घालण्यात अगदी गढून गेली होती.

"ती. निळ्या ठिपक्याची," मामा पुटपुटले. "माझी चौकट आहे ती."

"होती," ती म्हणाली, आणि धुराडं त्यांच्या हातात दिलं. "हे धरा. आणि जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."